ब्रुक्लिनचा पूल आणि मोजणीयंत्राची साक्ष

जुन्या यंत्रांच्या याद्यांत "अमुक विख्यात पुलाच्या बांधणींत वापरलेलें ट्रान्झिट" अशी नोंद वारंवार आढळते. तिला आधार म्हणून बहुधा यंत्रावर कोरलेलें कारागिराचें नांव आणि घराण्यांतील ऐकीव हकीकत, एवढेंच दिलेलें असतें. हा पुरावा पुरेसा आहे काय, याचा विचार न्यूयॉर्कच्या ब्रुक्लिन पुलाच्या उदाहरणानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या पुलाचा मधला गाळा 1595 फूट 6 इंच. वाहत्या पात्रावर साखळी टाकतां येत नाहीं. अशा ठिकाणीं कांठावर पायारेषा मोजून तिच्या दोन्ही टोकांवरील कोनांवरून पलीकडच्या बिंदूचें अंतर काढावें लागतें. एवढ्या अंतरावर कोनांत एका कलेची चूक झाली तर रेषा सुमारें साडेपांच इंच बाजूस ढळते. फिलाडेल्फियाच्या विल्यम यंग यानें 1831 मध्यें सिद्ध केलेल्या ट्रान्झिटाचें महत्त्व येथें कळतें. त्याची दुर्बीण आडव्या आंसाभोंवतीं पूर्ण उलटते. त्यामुळें मागील खूण पाहून रेषा पुढें वाढवितां येते. मग यंत्र अर्धें फिरवून तेंच काम पुन्हां केलें आणि दोहोंचा मध्य घेतला, म्हणजे दुर्बिणीच्या रोखांतील दोष परस्पर कटतो.

आतां इतिहास पाहूं. पुलाचा योजक जॉन रोबलिंग हा 28 जून 1869 रोजीं ब्रुक्लिनकडील मनोऱ्याची जागा ठरवीत असतां त्याचा पाय धक्क्यास लागणाऱ्या नावेखालीं चिरडला, आणि 22 जुलैस तो धनुर्वातानें वारला. पुत्र वॉशिंग्टन यानें काम हातीं घेतलें. परंतु पायाच्या पेट्यांतील दाबलेल्या हवेमुळें होणाऱ्या रोगानें 1872 मध्यें तो पंगु झाला, आणि त्याच्या सूचना पत्नी एमिली कामावर पोंचवूं लागली. पूल 24 मे 1883 रोजीं खुला झाला. इतक्या वर्षांचें व इतक्या हातांचें काम एकाच यंत्रावर झालें असेल, हें संभवत नाहीं. "पूल बांधणारें यंत्र" हा शब्दप्रयोगच यास्तव सदोष आहे.

कारागिराच्या नांवानें काय सिद्ध होतें? ट्रॉय येथील गर्ली बंधूंच्या कारखान्यांतून अशीं असंख्य यंत्रें बाहेर पडलीं. लेखकूचें नांव सांपडल्यानें पोथी कोणाच्या संग्रहांत होती हें ठरत नाहीं. तोच न्याय येथेंही लागू आहे.

याउलट कर्नल लॅम्टन याचा मोठा थिओडोलाइट पाहावा. लंडनच्या कॅरीनें घडविलेलें, सुमारें अर्धा टन वजनाचें हें यंत्र 1808 मध्यें तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवितांना दोर तुटून आपटलें, आणि लॅम्टननें तें स्वतः दुरुस्त केलें. लॅम्टन 1823 मध्यें आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला व तेथेंच पुरला गेला. तथापि त्याच्या यंत्राची ही हकीकत आज निःशंकपणें सांगतां येते, कारण मोजणीचीं कागदपत्रें राहिलीं. पितळेनें सांगितलें नाहीं तें कागदानें सांगितलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, यंत्र घेतांना त्याची पेटी, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आणि विशेषतः मोजणीच्या वह्या यांची फारकत होऊं देऊं नये. लखलखाटासाठीं पितळ घांसूं नये. अंशांच्या सूक्ष्म रेषा त्यानें झिजतात. वही रद्दींत घालून ट्रान्झिट कांचेच्या कपाटांत ठेवणारा साक्षीदारास घरीं आणतो, परंतु त्याची जबानी जाळून टाकतो. जेथें वही नाहीं, तेथें "त्या काळच्या जातीचें यंत्र" एवढेंच लिहावें. त्यांत यंत्राचा कांहीं अपमान नाहीं. आणि वाचणाराची फसवणूकही होत नाहीं.