ब्रेसाँ संथ नव्हता

रोबेर ब्रेसाँचे नाव निघाले की आपल्याकडे पाठोपाठ 'संथ' हे विशेषण येते. फिल्म सोसायटीच्या चर्चांमधून मी ते इतक्यांदा ऐकले आहे की एकदा तपासून पाहावेसे वाटले. ब्रेसाँ (१९०१–१९९९) मुळात चित्रकार. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेला. १९४३ ते १९८३ या चाळीस वर्षांत त्याने फक्त १३ कथापट केले. पण 'पिकपॉकेट' (१९५९) जेमतेम सव्वा तासात संपतो. त्यातले खिसेकापूंचे हात पाहताना आपलीच नजर मागे पडते. 'अ मॅन एस्केप्ड'मधला (१९५६) कैदी चमचा घासून त्याने कोठडीच्या दाराच्या फळ्या सोडवतो. तिथे एकही चित्रचौकट रेंगाळत नाही. ब्रेसाँ काटकसरी होता, आणि काटकसर म्हणजे संथपणा नव्हे.

त्याने वगळला तो अभिनय. नट न घेता तो साधी माणसे घेई, त्यांना 'मॉडेल' म्हणे, आणि वाक्यातला भाव झडून जाईपर्यंत त्यांच्याकडून ते पुन्हापुन्हा म्हणवून घेई. मी घोडबंदरला राहतो. इथल्या रस्त्यालगतच्या सेटांवर मालिकांचे चित्रीकरण चालते. सासूने सुनेकडे एकदा पाहिले की तोच कटाक्ष तीन बाजूंनी, वर ढोलाच्या ठोक्यासह दाखवला जातो. ब्रेसाँ हा कटाक्ष बहुधा ठेवलाच नसता. दाराची कडी वाजवली असती.

मराठी प्रेक्षकापर्यंत ब्रेसाँ पोचला तो बराचसा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमार्गे. तिथून बाहेर पडलेल्या कुमार शहानींनी फ्रान्समध्ये 'यून फाम दूस'साठी (१९६९) प्रत्यक्ष ब्रेसाँचे साहाय्यक म्हणून काम केले. तरीही 'माया दर्पण'मध्ये (१९७२) गुरूची नक्कल नाही. तिथे रंगच कथा पुढे नेतात. ब्रेसाँचा शिक्का बसला तो मणी कौलांवर, 'उसकी रोटी'पासून (१९६९).

कौलांचा 'नजर' (१९९०) आणि 'यून फाम दूस' हे दोन्ही दोस्तोएव्हस्कीच्या एकाच कथेवर बेतलेले आहेत. प्रौढ नवरा, कोवळी बायको, तिची आत्महत्या. एवढी सरळ तुलना क्वचितच हाती लागते. तरी आपल्या समीक्षेने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, याचे मला नवल वाटते. ब्रेसाँ आत्महत्येपासूनच सुरुवात करतो: सज्जातले टेबल कलंडते, एक पांढरी शाल हवेत तरंगत खाली येते, रस्त्यावर गाड्यांचे ब्रेक करकरतात. उडी दिसतच नाही. काही सेकंदांत सगळे उरकते. पुढे नवरा प्रेताशेजारी मोलकरणीला सारा हिशेब सांगत बसतो.

कौल मुंबईतल्या घरात शेखर कपूर आणि शांभवी कौल यांना ठेवतात, आणि कॅमेरा वस्तूंवरून, भिंतींवरून, चेहऱ्यांवरून सरकत राहतो. इथे मला ब्रेसाँपेक्षा आलाप जास्त ऐकू येतो. कौल झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकले होते. १९८२ मध्ये 'धृपद' हा माहितीपटही त्यांनी केला. आलापात एका स्वराभोवती फिरत राहणे हेच काम असते, तिथे काटकसरीला जागा नाही. 'नजर'ला 'भारतीय ब्रेसाँ' म्हणून गौरवणारे दोघांवरही अन्याय करतात. माझ्या मते 'नजर' मधल्या काही प्रसंगांत खरोखरच कंटाळवाणा होतो, पण तो दोष ब्रेसाँच्या खात्यावर मांडता येणार नाही.