७०चे ९७ झाले, पण खरं उत्तर कुणी ठरवलं?

कृत्रिम झडपेवरचा जंतुसंसर्ग इकोत अनेकदा निसटतो. झडपेच्या सावलीमागचं नीट दिसत नाही. पेट-सीटीत मात्र किरणोत्सारी ग्लुकोज दाहाच्या जागी जमा होतं. २०१३मध्ये मार्सेच्या साबी आणि सहकाऱ्यांनी ७२ संशयित रुग्णांवर हे तपासलं. ड्यूक निकषांना पेटची जोड दिल्यावर दाखल होतानाची संवेदनशीलता ७० वरून ९७ टक्क्यांवर गेली. २०१५च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत पेट आलं.

आकडा भारीच आहे. पण मेथड्स वाचा. अंतिम निदान ठरलं तेही तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर, ड्यूक निकषांनीच! म्हणजे फूटपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच लाकडाची. ‘संभाव्य’ गटातले ४० रुग्ण २३ वर आले, पण वर्ग बदलला म्हणजे निदान बरोबर ठरलं असं नाही. एकट्या पेटची विशिष्टता ८० टक्के, म्हणजे संसर्ग नसलेल्या पाचांतल्या एकावर खोटा ठपका. त्याची किंमत? कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया.

पेपर टाकाऊ नाही, उलट महत्त्वाचा आहे. फक्त संवेदनशीलतेचा आकडा वहीत उतरवण्याआधी शीर्षकातला प्रश्न विचारा.