तेलविहिरीचे उत्पादन : मोजलेले की वाटून दिलेले?

प्रस्तावना : तेलविहिरीतून निव्वळ तेल क्वचितच वर येते. तेल, नैसर्गिक वायू आणि पाणी यांचे मिश्रण एकाच नळातून वाहत असते. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अशा सागरी क्षेत्रात अनेक विहिरींचे मिश्रण प्रक्रियेसाठी एकत्र आणले जाते. तथापि, नोंदींत प्रत्येक विहिरीचे उत्पादन स्वतंत्रपणे दाखविले जाते. या आकड्याचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे.

प्रचलित पद्धती : पारंपरिक पद्धतीत एका वेळी एकच विहीर चाचणी विलगकाकडे वळवितात. तेथे वायू व द्रव वेगळे करून मोजले जातात. ही चाचणी काही तासांची असते. पुढील चाचणीपर्यंत तोच दर गृहीत धरला जातो. अखेरीस विक्रीच्या ठिकाणी अचूक मोजलेले एकूण तेल या दरांच्या प्रमाणात विहिरींमध्ये वाटले जाते. म्हणजेच विहिरीचा आकडा हे मापन नसून अनुमान असते.

मल्टिफेज मीटरची मर्यादा : १९९० च्या दशकात व्यापारी वापरात आलेल्या मल्टिफेज मीटरने मिश्रण वेगळे न करता सतत मोजण्याची सोय केली. नॉर्वेमध्ये याविषयीची मार्गदर्शक पुस्तिका १९९५ मध्ये निघाली व २००५ मध्ये सुधारली गेली. परंतु हे उपकरणही तिन्ही घटक थेट मोजत नाही. व्हेंच्युरी नळीतील दाबाचा फरक, गॅमा किरणांचे शोषण इत्यादींवरून ते समीकरणांद्वारे घटकांचे प्रमाण काढते. वायू द्रवापेक्षा वेगाने पुढे सरकतो, तसेच पाण्याची क्षारता बदलते. या दोन्हींमुळे गणित चुकू शकते.

अचूकतेचे दावे म्हणूनच सावधपणे वाचावे लागतात. समजा, १०० बॅरल द्रवात ९० बॅरल पाणी व १० बॅरल तेल आहे. मीटरने पाण्याचा अंश ९० ऐवजी ८८ टक्के दाखविला, तर चूक अवघ्या दोन टक्के अंशांची भासते. प्रत्यक्षात तेल १० ऐवजी १२ बॅरल, म्हणजे २० टक्के अधिक नोंदले जाते. विहीर जुनी होऊन पाणी वाढते, तशी ही विसंगती तीव्र होते.

निष्कर्ष : कोणती विहीर बंद करावी, पाणी कोठे सोडावे, सामाईक वाहिनीतील तेलाच्या उत्पन्नात कोणाचा वाटा किती, हे निर्णय याच आकड्यांवर होतात. दोष उपकरणाचा नाही. अनुमानाला मापनाची प्रतिष्ठा देण्याचा आहे. प्रत्येक आकड्यासोबत चाचणीची तारीख, पद्धत व अनिश्चितता नोंदविली जावी. विहीरनिहाय आकडेवारीवर संशोधन उभारणाऱ्या अभ्यासकानेही प्रथम हीच माहिती मागितली पाहिजे; अन्यथा दशांश चिन्हापुढील काटेकोरपणा केवळ आभास ठरतो.