अनोळखी मनांची कबुली : स्टेफान त्स्वाईग यांच्या तीन कथा

कथेत काहीतरी घडले पाहिजे, अशी वाचकाची साधी अपेक्षा असते. परंतु काही कथांत जे घडते ते एकाच माणसाच्या मनात घडते आणि शेजारच्या खोलीतल्या माणसालाही त्याचा थांगपत्ता लागत नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने मराठी वाचकाला अशा कथेची सवय लावली. तरीही आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत या कथाप्रकाराविषयी एक अढी आढळते. झपाटलेपण, गुप्त प्रेम, विकारांचा कल्लोळ हे विषय घरात मुलांच्या हाती पडू नयेत, असे पालकांना वाटते. ही भीती अगदीच अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याच घरात आदराने ठेवलेल्या पवित्र शास्त्राचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अम्नोन तामारेच्या ध्यासाने आजारी पडतो. तो कपटाने तिला जवळ बोलावतो, तिच्यावर बळजबरी करतो आणि त्याच घटकेला त्याला तिचा कमालीचा तिटकारा येतो. हा तिटकारा आधीच्या तथाकथित प्रेमाहून मोठा होता, असे शास्त्रलेखक नोंदवतो. दानिएलाच्या पुस्तकातील सुसान्नेच्या कथेत दोन वडीलधारे न्यायाधीश एकाच स्त्रीची अभिलाषा धरतात, पण लाजेपोटी एकमेकांपासून लपवतात. जेवणाची वेळ झाली म्हणून निरोप घेतात, वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा त्याच बागेकडे परततात आणि समोरासमोर येतात. मानवी मनाचे याहून नेमके चित्रण कोणत्या आधुनिक कथाकाराने केले आहे? तेव्हा विषय वर्ज्य नाही. लेखक त्या विषयाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे तपासावयाचे असते. याच कसोटीवर स्टेफान त्स्वाईग या ऑस्ट्रियन लेखकाच्या तीन दीर्घकथा आम्ही येथे पाहणार आहोत.

त्स्वाईग यांचा जन्म 1881 साली व्हिएन्ना येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. 1904 साली त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. 1908-09 मध्ये त्यांनी हिंदुस्थानचा प्रवास केला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते युरोपातील अत्यंत लोकप्रिय लेखकांपैकी एक होते. 1933 साली नाझींनी त्यांची पुस्तके जाळली. पुढच्याच वर्षी त्यांनी ऑस्ट्रिया सोडली. मनोविश्लेषणशास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे स्नेही. 1939 साली लंडन येथे फ्रॉइड यांच्या अंत्यविधीप्रसंगी त्स्वाईग यांनी भाषण केले होते. या मैत्रीची छाया त्यांच्या कथांवर आहे. पण त्यांच्या कथा म्हणजे वैद्यकीय टिपणे नव्हेत.

पहिली कथा ‘अनोळखी स्त्रीचे पत्र’. ती 1922 साली प्रसिद्ध झाली आणि 1948 साली तिच्यावर माक्स ओफ्युल्स यांनी चित्रपट काढला. व्हिएन्नातील एका नामांकित कादंबरीकाराला त्याच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी एक लांबलचक पत्र येते. लेखिकेने नाव घातलेले नाही. तेरा वर्षांची असताना समोरच्या बिऱ्हाडात राहायला आलेल्या या माणसावर तिचे मन जडले. आईच्या पुनर्विवाहामुळे तिला इन्सब्रुक शहरी जावे लागले, पण मन व्हिएन्नातच राहिले. अठराव्या वर्षी ती परत आली, त्याच्या सहवासात तीन रात्री राहिली, त्याच्या मुलाची आई झाली. वर्षांनी दोघे पुन्हा भेटले तेव्हाही त्याने तिला ओळखले नाही. आता ते मूल मेले आहे, तीही मरणार आहे आणि मरणापूर्वी तिला एवढेच सांगायचे आहे की आपण होतो.

या कथेतला एक प्रसंग आम्ही पुन:पुन्हा वाचला आहे. शेवटच्या भेटीनंतर सकाळी तो तिच्या हातमोज्याच्या मफात हळूच पैसे सरकवतो. ज्या स्त्रीने आयुष्यभर त्याचाच जप केला, तिला तो रात्रीचा मोबदला देतो. ती दाराबाहेर धावते आणि त्याच्या म्हाताऱ्या नोकराशी तिची जवळजवळ टक्कर होते. नोकर तिच्याकडे पाहतो आणि क्षणात ओळखतो. मालकाला जे अनेक वर्षांत दिसले नाही ते नोकराला एका नजरेत दिसते. ती ते पैसे त्या नोकराच्या हातात कोंबते आणि निघून जाते. त्स्वाईग यांनी येथे कोणावरही दोषारोप केलेला नाही. तो कादंबरीकार दुष्ट नाही. तो हसतमुख आहे, विनयशील आहे, आणि विसराळू आहे. आपण प्रत्येक मिस्साच्या आरंभी केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याबद्दलही क्षमा मागतो. त्या शब्दांचा अर्थ एखाद्या तरुणाला समजावून द्यायचा असेल, तर हा प्रसंग पुरेसा आहे.

पण त्या स्त्रीच्या प्रेमाचे काय? येथे बहुतेक वाचक डोळे पुसतात आणि थांबतात. आमच्या मते समीक्षकाने थांबू नये. ती पत्र कोठे बसून लिहिते आहे ते पाहावे. तिचे मूल समोर मृत पडले आहे, मेणबत्त्या जळत आहेत, आणि ती लिहिते आहे ते मुलाच्या बापाविषयी. मूलदेखील तिला प्रिय झाले ते त्या पुरुषाचा अंश म्हणून. पत्राच्या शेवटी ती एक मागणी करते : आपल्या वाढदिवशी त्याने फुलदाणीत पांढरे गुलाब ठेवावेत, जसे इतर लोक मृतांसाठी वर्षातून एकदा मिस्सा अर्पण करवतात. आपला देवावर विश्वास उरलेला नाही, केवळ त्याच्यावर आहे, असेही ती स्पष्टपणे सांगते. लेखक ज्यू कुटुंबातला असला तरी कॅथलिक व्हिएन्नाची भाषा त्याला पूर्ण अवगत होती आणि ही तुलना त्याने सहज केलेली नाही. देवाची जागा एका माणसाला दिली की काय होते, हे त्याने दाखवले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाची व्याख्या दुसऱ्याचे कल्याण इच्छिणे अशी केली आहे. ही स्त्री त्याचे अकल्याण कधीच इच्छीत नाही. पण तो खरोखर कोण आहे, हे पाहण्याचीही तिला गरज वाटत नाही. त्याने तिला ओळखले नाही हे खरे, आणि तिनेही त्याला ओळखले नाही हेही तितकेच खरे. ती एका मूर्तीपुढे आयुष्यभर उभी राहिली.

‘आमोक’ ही कथाही 1922 सालचीच. कलकत्त्याहून युरोपकडे निघालेल्या बोटीवर मध्यरात्री एक डॉक्टर निवेदकाला आपली कहाणी सांगतो. ‘आमोक’ हा मलाय शब्द. बेभान होऊन समोर येईल त्याला मारीत धावत सुटलेल्या माणसाच्या अवस्थेला तो लावतात. डचांच्या ताब्यातील ईस्ट इंडीजमध्ये एकाकी नोकरी करणाऱ्या या डॉक्टरकडे एक श्रीमंत, गर्विष्ठ विवाहित स्त्री गुप्तपणे गर्भपात करून घेण्यासाठी येते. ती याचना करीत नाही, व्यवहार करू पाहते. तिचा ताठा मोडावा म्हणून तो मोबदल्यात तिच्या देहाची मागणी करतो. ती तुच्छतेने हसते आणि निघून जाते. मग तो वेड्यासारखा तिच्यामागे धावत सुटतो. तो पोहोचतो तेव्हा अडाणी हातांनी आपले काम केलेले असते. मरताना ती त्याच्याकडून गुप्ततेचे वचन घेते आणि ते वचन तो प्राणांची किंमत देऊन पाळतो.

या कथेची ताकद तिच्या वेगात आहे. डॉक्टरच्या पतनाचे मूळ वासनेत नसून दुखावलेल्या अहंकारात आहे, ही लेखकाची पारख तर विलक्षणच म्हणावी लागेल. धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगत असतो की, विकार स्वत:हून पुण्य नव्हेत आणि पापही नव्हेत. विवेक आणि इच्छाशक्ती त्यांना कोणते वळण देतात यावर सारे ठरते. डॉक्टरच्या बाबतीत तो वळणाचा क्षण लेखकाने नेमका पकडला आहे. परंतु येथेच कथेतील एक मोठी उणीवही नजरेस येते. स्त्रीची अब्रू, डॉक्टरचे वचन, नवऱ्याचा संशय या सर्वांना कथेत जागा आहे. ज्या अजाण जीवावरून हे सारे घडले, त्याच्यासाठी मात्र कोणाच्याही मनात एकदाही कालवाकालव होत नाही. झपाटलेल्या डॉक्टरला ते सुचणार नाही, हे आम्ही मान्य करू. पण त्याची कहाणी ऐकणाऱ्या शांत निवेदकालाही ते सुचू नये, हा दोष पात्राचा नसून लेखकाच्या दृष्टीचा आहे.

तिसरी कथा ‘एका स्त्रीच्या आयुष्यातील चोवीस तास’ 1927 साली ‘भावनांचा गोंधळ’ या अर्थाच्या शीर्षकाच्या संग्रहात आली. फ्रॉइड यांनी दोस्तोयेव्हस्कीवरील आपल्या निबंधात तिचा परामर्श घेतला आहे. तिन्ही कथांत आम्हाला ही सर्वांत परिपक्व वाटते. सदुसष्ट वर्षांची एक प्रतिष्ठित इंग्रज विधवा निवेदकाला आपल्या बेचाळिसाव्या वर्षीचा एक दिवस सांगते. माँटे कार्लोच्या जुगारगृहात तिला एक पोलिश तरुण दिसतो. प्रथम दिसतात ते त्याचे हात. पैशांवर झडप घालणाऱ्या, थरथरणाऱ्या, आणि सर्वस्व हरल्यावर मेल्यागत पडून राहणाऱ्या त्या हातांचे वर्णन जागतिक कथावाङ्मयात अविस्मरणीय ठरावे असे आहे. हा आता जीव देणार, हे ओळखून ती त्याला वाचवायला जाते आणि त्या रात्रीच्या ओघात स्वत:च वाहून जाते. दुसऱ्या दिवशी ती त्याला एका लहानशा चर्चमध्ये नेते. तो वेदीपुढे गुडघे टेकतो आणि पुन्हा कधीही जुगार न खेळण्याची शपथ वाहतो. ती त्याला घरी परतण्यासाठी पैसे देते. त्याच रात्री तो पुन्हा जुगाराच्या टेबलाशी बसलेला असतो आणि तिच्या अंगावर नोटा फेकतो.

त्या तरुणाची शपथ खोटी होती काय? आम्हाला तसे वाटत नाही. वेदीपुढे तो प्रामाणिकच होता. पण क्षणाच्या भारावलेपणातून केलेला संकल्प आणि परिवर्तन यांत अंतर असते. दारू सोडण्याची शपथ घेणाऱ्या माणसांच्या बायकांना हे अंतर पुरेपूर ठाऊक असते. व्यसनी माणसाला शपथेबरोबर सोबत लागते, रोजची शिस्त लागते, पुन्हा घसरल्यावर पुन्हा उठवणारा हात लागतो. या तरुणाच्या हाती फक्त गाडीभाडे होते. आणि त्या स्त्रीची सर्वांत कठीण कबुली वेगळीच आहे. तो कृतज्ञतेने, आज्ञाधारकपणे जायला निघाला, तेव्हा तिला आनंद झाला नाही, ती दुखावली गेली. कारण त्याने तिच्यात फक्त तारणहार पाहिला होता, स्त्री पाहिली नव्हती. दयेच्या वस्त्राखाली दुसरेच काही दडले होते आणि ते तिला तेव्हा उमगले. परोपकार करणाऱ्या आपणा सर्वांना, धर्मगुरूंना तर विशेषच, हे पान आरशासारखे आहे.

ही स्त्री आरंभीच म्हणते की, आपण अँग्लिकन आहोत. कॅथलिक असतो तर पापनिवेदनाच्या मार्गाने हे ओझे केव्हाच उतरले असते. हे वाचून कॅथलिक वाचकाला सुखावल्यासारखे होईल. आम्हाला मात्र संकोच वाटला. कारण आपल्याकडे प्रायश्चित्त संस्कार आहे आणि तरीही पंचवीस पंचवीस वर्षे एखादी गोष्ट उराशी घेऊन जगणारी माणसे आपल्या चर्चच्या बाकांवर बसलेली असतात. त्यांना क्षमेची खात्री नसते असे नाही; ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याची त्यांना भीती वाटते. निवेदक काय करतो ते पाहा. तो उपदेश करीत नाही, मध्ये बोलत नाही, शेवटी आदराने वाकून तिच्या हाताचे चुंबन घेतो. अर्थात, त्याच्या ऐकण्याने तिला हलके वाटले तरी तिला क्षमा मिळालेली नाही. मन मोकळे होणे आणि पापक्षमा होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली मित्र देऊ शकतो, दुसरी देवच देतो. पण ज्याला पहिलीही मिळत नाही तो दुसरीपर्यंत पोहोचायचा कसा?

कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही कथांचा सांगाडा एकच आहे : अनोळखी माणसाजवळ एकदाच केलेली कबुली. यामुळे कथेला एका श्वासाची गती येते, पण त्याच त्या रचनेचा शीणही येतो. भाषा सतत तापलेली असते. साधा शब्द पुरला असता तेथे तीन शब्द येतात. विकाराचा झंझावात दाखवण्यात त्स्वाईग यांचा हातखंडा आहे, पण झंझावातानंतर माणूस रोज सकाळी उठून कसा जगतो, याचे त्यांना फारसे कुतूहल नाही. त्या इंग्रज विधवेच्या पुढच्या पाव शतकाला काही ओळीच मिळतात. त्यांच्या जगात पश्चात्ताप आहे, पण पुनरुत्थान नाही. डॉक्टर जीव देतो, तो पोलिश तरुणही अखेर स्वत:ला गोळी घालून घेतो. खुद्द त्स्वाईग यांनी फेब्रुवारी 1942 मध्ये ब्राझीलमधील पेत्रोपोलिस येथे पत्नीसह आपल्या आयुष्याचा शेवट केला. देश, भाषा, वाचक सर्व हिरावले गेलेल्या या थकलेल्या जीवाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेच ख्रिस्तसभा 1992 च्या धर्मशिक्षण-ग्रंथात सांगते.

तर मग या कथा घरात याव्यात काय? कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. परंतु महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी, विवाहाची तयारी करणाऱ्यांनी आणि विवाहित जोडप्यांनी त्या अवश्य वाचाव्यात, आणि जमल्यास एकत्र वाचाव्यात. एकतर्फी ध्यासाला पडद्यावर खरे प्रेम म्हणून मिरवले जात असताना, ‘अनोळखी स्त्रीचे पत्र’ वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे : येथे कोणी कोणाला खरोखर पाहिले? उत्तर म्हणून बहुतेक त्या म्हाताऱ्या नोकराचे नाव येईल. आईवडिलांनी तेथून बोलणे पुढे न्यावे, आणि मुले बोलू लागली की आपण थोडा वेळ गप्प राहावे.