न काढायचा किडा

२५ ऑक्टोबर १९१५ रोजी फ्रान्झ काफ्काने आपल्या प्रकाशकांना एक पत्र लिहिले. ‘मेटॅमॉर्फोसिस’ या नावाने आपल्याला परिचित असलेली त्याची दीर्घकथा पुस्तकरूपाने निघायची होती आणि मुखपृष्ठ ओटोमार श्टार्के हा चित्रकार करणार होता. श्टार्के किडाच काढून बसेल, अशी धास्ती काफ्काला वाटली. त्याचे म्हणणे निःसंदिग्ध होते : किडा काढता कामा नये, दुरूनसुद्धा दाखवता कामा नये. त्याऐवजी बंद दारासमोर उभे असलेले आईवडील आणि कचेरीतला वरिष्ठ काढावा. किंवा उजेडाच्या खोलीत आईवडील व बहीण, आणि शेजारच्या काळोख्या खोलीचे दार उघडे, असे काही काढावे. श्टार्केने किडा टाळला. त्याच्या मुखपृष्ठावर चेहरा हातांनी झाकून निघालेला माणूस आहे आणि त्याच्यामागे किलकिले दार, आत अंधार.

पीटर कूपर या अमेरिकन चित्रकाराने २००३ साली याच कथेची चित्रकथा केली आणि किडा जवळजवळ पानोपानी काढला. लेखकाने इतके स्पष्ट बजावलेले असताना हे करावे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

अभिजात साहित्याच्या चित्रकथांकडे आपण सहसा एकाच नजरेने पाहतो : मूळ ग्रंथाकडे चढायची शिडी. अल्बर्ट कान्टरने १९४१ मध्ये अमेरिकेत ‘क्लासिक कॉमिक्स’ सुरू केले, पुढे १९४७ मध्ये त्याचेच ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ झाले. गोष्ट संपल्यावर मूळ पुस्तकही वाचा, असे ही मालिका वाचकाला सांगत असे. आपल्याकडे १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्रकथे’ने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पुराणे आणि इतिहास पोचवला. मी साहित्य कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. कालिदास काय किंवा ड्यूमा काय, मला आधी चौकटींतूनच भेटले. त्यामुळे या शिडीला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा माझ्याकडून होणार नाही. पण शिडी म्हटले की समीक्षेला एकच काम उरते : काय काय गळले याची यादी करणे. कूपरचे पुस्तक या यादीत मावत नाही.

काफ्काने पहिल्याच वाक्यात ग्रेगोर साम्सासाठी वापरलेला शब्द आहे ‘उन्गेत्सीफर’. तो कोणत्याही एका कीटकाचे नाव नाही. नकोसा, उपद्रवी, घरातून झाडून टाकावा असा जीव, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या जर्मनमध्ये बळी देण्यास अयोग्य अशा प्राण्याची छटाही त्यामागे असल्याचे सांगतात. म्हणजे या शब्दात प्राण्याच्या वर्णनापेक्षा त्याच्याविषयीची भावना जास्त आहे. भाषांतरकार ‘किडा’ म्हणून थोडेफार निभावून नेऊ शकतो. चित्रकाराला ती सोय नाही. त्याला पाय मोजून काढावे लागतात.

कूपरने किड्याचे धड काढले आणि चेहरा मात्र बराचसा माणसाचा ठेवला. हे पुस्तक मी माझ्या भाचीला दिले, तेव्हा तिने दहाव्या मिनिटाला विचारले, “मामा, तोंड तर माणसाचंच आहे. मग घरच्यांना तो ओळखू का येत नाही?”

या प्रश्नाने माझी बरीच टिपणे फुकट गेली. मूळ कथेत ग्रेगोरचे माणूसपण फक्त भाषेत आहे : गाडी चुकेल, वरिष्ठ रागावेल, घरचे कर्ज फेडायचे आहे, अशा त्याच्या समंजस विचारांत. आपण ते वाचतो. घरच्यांना मात्र फक्त अंग दिसते. कूपरने आपल्याला जे ‘वाचायला’ मिळत होते, ते ‘पाहायला’ दिले. यात नुकसान निश्चित आहे. किळस येणे आणि दया वाटणे या दोहोंमध्ये मूळ कथा वाचकाला लोंबकळत ठेवते. इथे दया लगेच जिंकते. घरच्यांवर पहिल्या काही पानांतच आरोप निश्चित होतो. काफ्काची भीती इथपर्यंत खरी ठरते.

पण दुसरी बाजूही आहे. कूपरने वापरलेली पद्धत स्क्रॅचबोर्डची आहे. त्यात काळ्या पृष्ठभागावर ओरखडे काढून पांढरे उघडे करायचे असते. कागदावर आधी अंधार, मग त्यातून खरवडलेला उजेड. काफ्काने पत्रात मागितलेली काळोखी खोली कूपरने जणू अख्ख्या पुस्तकालाच दिली. ग्रेगोर भिंतींवर, छतावर चालू लागतो, तिथे मजकूरही त्याच्या वाटेने वळतो आणि वाचकाला पुस्तक हातात फिरवावे लागते. वाक्यात ‘तो छतावर चढला’ असे वाचताना आपण खुर्चीतच असतो. इथे क्षणभर आपलेही वर-खाली बिघडते.

आणि शेवट. ग्रेगोर मरतो, मोलकरीण त्याची विल्हेवाट लावते, घरचे ट्रामने शहराबाहेर फिरायला जातात. लेक वयात आली आहे, हे आईबापांच्या ध्यानात येते. मूळ कथेत भाषा त्याच संथ लयीत पुढे चालू राहते, त्यामुळे ग्रेगोर नाही हे आपणही क्षणभर विसरतो. तीच तिची क्रूरता आहे. चित्रकथेत मात्र पानोपानी डोळ्यांपुढे असलेला तो जीव या चौकटींत नाही, हे डोळ्यांना जाणवते. नजर त्याला शोधते. जो आधी काढलाच नाही, त्याची उणीव चित्रात दाखवता येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे : मुखपृष्ठासाठी काफ्काचे म्हणणे योग्यच होते. मुखपृष्ठावरचा किडा वाचकाला कथा सुरू होण्याआधीच निकाल सांगून मोकळा होतो. चित्रकथेतला किडा पानोपानी जगतो, वाळतो, मरतो आणि मागे रिकामी जागा ठेवतो. कूपरने लेखकाचा शब्द मोडला आणि त्याची किंमत मोजली. भाचीच्या प्रश्नाला त्याच्या पुस्तकात पुरेसे उत्तर नाही. ते शोधायला तिने मूळ कथा मागून नेली आहे. शिडीचे काम झाले, असे कोणी म्हणेल. मला वाटते, तिने दोन पुस्तकांमधले भांडण ऐकले आणि दुसऱ्याची बाजू ऐकायला ती गेली.