किक्कुलीच्या ग्रंथातील संख्यापदे

रथाच्या घोड्यांना कित्येक महिने द्यावयाचे शिक्षण, त्यांची धाव, मोजका चारा व स्नान यांची दिनचर्या मितन्नी देशाच्या किक्कुली या अश्वशिक्षकाने सांगितली आहे. हत्तुश येथील मृत्पट्टिकांवरील हा ग्रंथ हित्ती भाषेत असला, तरी त्यातील घोड्यांच्या फेऱ्यांच्या संज्ञा ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ व ‘नवर्तन्न’ अशा आहेत. इराणी ‘ऐव’ला सोडून ‘ऐक’ हे रूप भारतीय-आर्य शाखेकडे निःसंशय बोट दाखविते.

परंतु एवढ्यावरून मितन्नीचे सैन्यच आर्यभाषिक ठरविणे हे उतावीळपणाचे होय. त्या देशाची प्रचलित भाषा हुर्री होती. ‘सत्त’ पाहून प्राकृताचे व आपल्या ‘सात’चे स्मरण होते खरे, पण त्याच संज्ञासमूहातील ‘ऐक’ हे वैदिक ‘एक’हूनही जुन्या उच्चाराचे आहे. तेव्हा ‘सप्त’मधील पकाराचा लोप हुर्री मुखांत झाला असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. ‘नववर्तन्न’ऐवजी आलेले ‘नवर्तन्न’ हे आखूड रूपही नित्य वापराने झिजलेल्या शब्दाचेच लक्षण दिसते.

भाषा लोपते, पण धंद्याची परिभाषा शिक्षकाकडून शिष्याकडे जात राहते. म्हणून ही पाच पदे सैन्याच्या वंशाची साक्ष देत नाहीत. ती देतात व्यावसायिक शिक्षणपरंपरेची.