थांबवलेला रस

कराडच्या किंवा सांगलीच्या बाजारात गुळाच्या रंगावर भाळणारे पुष्कळ भेटतात. जाणकार मात्र एक खडा फोडतो आणि त्याची ताजी कड उजेडाकडे धरतो. चांगल्या गुळाच्या त्या कडेवर बारीक चमचम दिसते आणि चमचमणाऱ्या कणांच्या मधल्या जागेत काहीतरी मधाळ, अर्धपारदर्शक भरलेले असते. चमचम म्हणजे साखरेच्या सूक्ष्म स्फटिकांच्या सपाट बाजूंवरून परतलेला उजेड. मधाळ भाग म्हणजे स्फटिक न झालेली साखर, आणि तिच्यात मुरलेले ग्लुकोज, फ्रुक्टोज व थोडे पाणी. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात काय किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयांत काय, बी.एस्सी.ला घनपदार्थांचे भौतिकशास्त्र शिकताना नीटनेटके स्फटिकजाल पहिल्या धड्यात भेटते. काचेसारख्या विस्कळीत पदार्थांची पाळी शेवटी, वेळ उरला तर. गुळाच्या बोटभर कडेवर मात्र पहिला धडा आणि शेवटचा धडा एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात.

साखरेचा दाणा, खडीसाखर, काकवी, गूळ आणि चिक्की या पाचांत मुख्य रेणू एकच आहे, सुक्रोज. तरी एक ओघळतो, एक तडकतो, एक दाताखाली विरघळतो. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ साली एका गाजलेल्या लेखात मांडले होते की पुष्कळ कण एकत्र आले की त्या समूहाला असे गुण येतात, जे सुट्या कणाकडे पाहून सुचणार नाहीत. घनपदार्थांच्या भौतिकशास्त्राचा हा पायाच. गुळाच्या बाबतीत त्याला एक पुस्ती जोडावी लागते: हा समूह कुठल्या वाटेने आला आणि वाटेत नेमका कुठे थांबवला गेला, यावर त्याचे रूप ठरते. तो थांबा निवडणे हीच गुळव्याची विद्या.

तिची सुरुवात चुलवाण पेटण्याआधी, फडातच होते. सुक्रोजच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात, आणि आम्ल व उष्णता मिळाली की ती जोडणी तुटते. ऊस तोडून पडून राहिला तरी हीच फाटाफूट आतल्या आत चालू असते. म्हणून कृष्णा-कोयनेच्या काठची चांगली गुऱ्हाळे तोडलेला ऊस रेंगाळू देत नाहीत. चरकातून आलेला रस मुळातच आंबूस, त्याचा सामू सव्वापाच-साडेपाचच्या आसपास. त्यात चुन्याची निवळी पडते ती हा आंबटपणा उतरवून सुक्रोज अखंड राखण्यासाठी. चुना कमी पडला तर रेणू तुटतात आणि गूळ बसत नाही. जास्त झाला तर तुटलेल्या साखरांपासून गडद पदार्थ बनतात आणि गूळ काळवंडतो. भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चिकट रस रसातला गाळ आणि गोंदासारखे पदार्थ धरून वर आणतो, आणि झाऱ्याने ती मळी निघते. स्फटिकाच्या वाटेतले अडथळे स्फटिक जन्मण्याच्या कितीतरी आधी दूर करण्याची ही सावधगिरी पाहिली की कारागिराच्या दूरदृष्टीला दाद द्यावीशी वाटते.

काहिलीत रस उकळू लागला की खरे नाट्य सुरू होते. कराड-सांगलीची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे साधे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. रसातले पाणी उडत जाते तशी उरलेली साखर पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते आणि उत्कलनबिंदू चढत जातो: १०२, १०६, ११०. गूळ उतरवण्याची वेळ येते ती साधारण ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान. याचा अर्थ असा की चुलवाणात चिपाड कितीही कोंबले तरी तापमान मनमानी चढत नाही. किती पाणी उरले आहे हेच ते सांगत असते. काहिलीतला बुडबुडाही तेच सांगतो. सुरुवातीला उथळ आणि चपळ असलेला तो पुढे जड, थबकत फुटणारा होतो. अनुभवी कान तो आवाजावरून ओळखतात.

तरी गुळव्या केवळ डोळ्या-कानांवर विसंबत नाही. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची. या दोन क्षणांच्या कृतीत किती भौतिकशास्त्र भरले आहे! थेंब गार पाण्यात पडताच इतक्या झपाट्याने थिजतो की रेणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. प्रयोगशाळेत वितळलेला धातू झटकन गार करून त्याची विस्कळीत रचना गोठवतात, त्याच जातीची ही कृती. बोटाला जाणवतो तो थेंबाचा दाटपणा, आणि तो ठरतो उरलेल्या पाण्यावर. तापमापकात तर एक गोची आहे: महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी सांगलीपेक्षा दोन-तीन अंश आधी उकळते, आणि पाकाचे आकडेही तेवढेच खाली सरकतात. गोळीला समुद्रसपाटीशी कर्तव्य नाही. मोजायची असते ती गोष्ट ती थेट मोजते, म्हणून ही बोटांची परीक्षा इतकी देखणी.

स्वयंपाकघरातला एकतारी-दोनतारी पाक हे याच परीक्षेचे नाजूक रूप. दोन बोटांमध्ये ओढलेली तार पृष्ठताण तोडू पाहतो आणि दाटपणा तिला धरून ठेवतो; तार किती टिकली यावरून पाक कळतो. साखरेच्या पाण्याच्या या दाटपणाने एका थोर माणसालाही कामाला लावले होते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात, साखर विरघळल्याने पाणी किती दाटते आणि साखर पाण्यात किती वेगाने पसरते, या दोन गोष्टींवरून साखरेच्या रेणूचा आकार आणि ॲव्होगॅड्रोचा अंक काढला. गणितातली एक चूक १९११ मध्ये दुरुस्त झाल्यावर तो अंक ६.५६ गुणिले दहाचा तेविसावा घात आला, आजच्या ६.०२ च्या बराच जवळ. बोटांमधल्या पाकाच्या तारेत रेणूची मोजणी दडलेली आहे, हे कळल्यावर ती तार थोडी अधिक आदराने ओढली जाते.

आता वाफा, म्हणजे पाक निववायची जागा. उतरवलेला पाक वाफ्यात ओततात तेव्हा तो गडद आणि पारदर्शक असतो. निवत जाताना तो अतिसंपृक्त होतो, म्हणजे मावेल त्याहून कितीतरी जास्त साखर त्यात अडकून पडते. तरी स्फटिक आपोआप उगवत नाहीत. काही रेणूंची इवलीशी रांग जमली तर तिच्या पृष्ठभागाचा खर्च जास्त आणि आतल्या जुळणीचा फायदा कमी, म्हणून ती लगेच विस्कटते. एका ठरावीक आकारापलीकडे गेलेले बीजच तगते. पाक गरम असतो तेव्हा अशी बीजे जमणे अवघड. फार निवला की तो इतका दाट होतो की रेणूंना हलता येत नाही. जन्माला अनुकूल असा पट्टा या दोहोंच्या मध्ये, अरुंद. गुळव्या लाकडी फावड्याने घोटू लागतो तो नेमका तिथे. ढवळण्याने जन्मलेल्या स्फटिकांचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा नवे बीज होतो आणि एकाच वेळी असंख्य बारीक कण उगवतात. साखर इतक्या भागीदारांत वाटली गेल्यावर कुणालाच फार मोठे होता येत नाही. गुळाची मऊ, रवाळ घडण इथे ठरते.

घोटताना पाक उजळतो, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सहसा निसटते. तांबूस-काळपट पारदर्शक रस काही मिनिटांत सोनेरी आणि अपारदर्शक होतो. त्यातले रंगद्रव्य कुठेही गेलेले नसते. असंख्य स्फटिक आणि हवेचे बुडबुडे प्रकाश चहूकडे विखुरतात, त्यामुळे तो फार खोल न शिरताच परत येतो. हायड्रोस टाकून पांढरट केलेला गूळ रसायनाने उजळतो, घोटलेला गूळ रचनेने. म्हणूनच जाणकार रंगावर भाळत नाही, फोडलेली कड पाहतो.

त्या कडेवरचा एक कण मोठा करून पाहायचा तर रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे किंवा सांगलीच्या वसंतदादा कारखान्याकडे वळावे. साखर कारखान्यात पॅनमध्ये दाब कमी ठेवून पाक ६५-७० अंशांनाच उकळवतात आणि बारीक दळलेल्या साखरेचे बीज मोजून सोडतात. मग नवे बीज जन्मू न देता आहे तेच वाढवत नेतात. एस-३० आणि एम-३० ही बाजारातली नावे दाण्याच्या आकाराची आणि रंगाची. दाणा एक मिलिमीटरचा धरला तर त्याच्या एका कडेवर अकरा लाखांहून अधिक युनिट सेल, म्हणजे स्फटिकाची पुन्हा पुन्हा येणारी एकके, एकापुढे एक बसलेले असतात, आणि प्रत्येकात सुक्रोजचे दोनच रेणू. हे दोन रेणू परस्परांशी जुळतात ते अर्धे फिरून आणि अर्धे पाऊल सरकून, मळसूत्राच्या वळणाने. आरशातल्या प्रतिबिंबाला या रचनेत जागा नाही, कारण ऊस सुक्रोजचा एकाच हाताचा रेणू घडवतो. त्यामुळे दाण्याची दोन टोके सारख्या वेगाने वाढत नाहीत. कारखान्याची प्रयोगशाळा ज्याला ‘पोल’ म्हणते तो आकडाही याच एकहातीपणातून येतो: साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळते. कारखान्याच्या रोजच्या नोंदीत रेणूचा डावे-उजवेपणा नांदतो, हे मला फार सुरेख वाटते.

याच विषमतेचा एक खेळ घरी करता येतो. पूर्ण अंधाऱ्या, कोरड्या खोलीत डोळे सरावू द्यावेत आणि खडीसाखरेचा खडा अडकित्त्यात फोडावा. क्षणभर फिकट निळसर चमक दिसते. तडकताना फाटलेल्या बाजूंवर विद्युतभार उरतो आणि हवेतल्या नायट्रोजनमधून ठिणगी जाते. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० च्या ग्रंथात कठीण साखर खरवडताना दिसणाऱ्या या प्रकाशाची दखल घेतली होती. खडीसाखरेचा खडा मोठा होतो कारण दोऱ्यावर मोजकीच बीजे धरतात आणि त्यांना कित्येक दिवस स्वस्थ वाढू दिले जाते. वाफ्यातल्या घाईच्या नेमके उलट टोक.

तिसरे टोक चिक्कीचे. संक्रांतीला चिक्कीचा गूळ निवडतात तो त्याचा पाक सहजी रवाळ होत नाही म्हणून. पाक गोळीबंदच्या पुढे नेला, पाणी आणखी उडवले आणि घोटल्याविना पटकन थापला, की रेणू द्रवातल्यासारखेच अस्ताव्यस्त राहतात, फक्त हालचाल थांबते. ही काच. दाटपणा दहाच्या बाराव्या घाताइतके पास्कल-सेकंद झाला की द्रवाला काच म्हणावे, असा रिवाज आहे. पाण्याचा दाटपणा त्याच मापात एक हजारांश. कोरडे सुक्रोज साठ-सत्तर अंशांच्या आसपास काच होते, पण पाच टक्के पाणी मुरले की तो बिंदू पंचवीस अंशांपर्यंत उतरतो. डब्याचे झाकण सैल राहिले की चिक्की चिवट होते, ती यामुळे. द्रव अशा रीतीने का थिजतो याचा समाधानकारक सिद्धांत घनावस्थेतला बहुधा सर्वांत खोल अनुत्तरित प्रश्न आहे, असे अँडरसन यांनी १९९५ मध्ये लिहिले. चिक्की कुडुम् करून तुटते तेव्हा हा प्रश्नच दाताखाली येतो.

आता ढेपेच्या त्या कडेकडे पुन्हा पाहिले की तिची घडण उलगडते. स्फटिक तिला आकार आणि कोरडेपणा देतात, मधला अस्फटिकी भाग त्यांना बांधून ठेवतो. सगळेच स्फटिक असते तर ढेप वाळूसारखी सुटी झाली असती. सगळेच काच असते तर फोडायला हातोडा लागला असता. पावसाळ्यात साताऱ्याकडच्या दमट हवेतले पाणी आधी मधल्या भागात शिरते, कारण फ्रुक्टोज ते ओढून घेते. ढेप घामेजते ती याच वाटेने. ज्या गुळव्याने फाटाफूट आवरून फ्रुक्टोज बेताचे ठेवले, त्याचा गूळ त्यातून तगून जातो.

ही अवस्था समतोलाची नाही. ऊर्जेचा हिशेब कडक लावला तर बारीक स्फटिकांनी हळूहळू मोठे व्हायला हवे आणि उरलेल्या रसाने वेगळे व्हायला. गुळव्या रसाला त्या मुक्कामाच्या अलीकडे असा रोखतो की पुढचे पाऊल टाकायला त्याला वर्ष अपुरे पडावे. हाताशी साधने कोणती, तर चुन्याची निवळी, भेंडी, चिपाडाचा जाळ, लाकडी फावडे आणि बोटे. चुकायला वाव फक्त दोन-तीन अंशांचा आणि पाण्याच्या काही टक्क्यांचा. घनपदार्थांचे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाने क्रमिक पुस्तक जरूर वाचावे. पण एक आदण उतरताना गुऱ्हाळावर उभे राहून त्या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण हाताने कसे लिहिले जाते, तेही पाहावे.